बारा पेरं, दहा फेरे

पोलिसांच्या जीपमधून आलेल्या जमादारानं वडनेरच्या चावडीवर दोनच गोष्टी सांगितल्या. शुक्रवारी सकाळपासून सात नंबरच्या सडकेवर गुरं सोडायची नाहीत आणि बैलगाड्या घालायच्या नाहीत. विलायतेतून निघालेल्या मोटारींची मोठी शर्यत दिल्लीहून नागपूर, नागपूरहून हिंगणघाट आणि तिथून वडनेरसमोरून मद्रासकडे जाणार होती. जमादार चहा पिऊन निघून गेला. संध्याकाळी कोतवालानं डफडं वाजवत दवंडी दिली, तेव्हा तिच्यात तिसरी एक गोष्ट निघाली. गुरं सोडू नका, गाड्या घालू नका, आणि बायकांनी सडकेवर येऊ नये.

ही तिसरी गोष्ट नत्थूजींची. नत्थूजी गावच्या शंकरपटाचे पंच होते. दर पौषात गावाबाहेरच्या पडीत बैलजोड्यांच्या शर्यती व्हायच्या आणि तिथे नत्थूजींचा शब्द चालायचा. शर्यत म्हटली की ती बैलांची असो की मोटारींची, तिचे नियम आपणच सांगायचे, असं त्यांनी धरूनच घेतलं होतं. आणि पटाचा पहिला नियम होता की पटावर बाई नाही.

दवंडी झाली तेव्हा आनंदाबाई अंगणात बसून वेचलेल्या कापसातली कवडी, म्हणजे किडकी बोंडं, बाजूला काढत होती. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही. सत्त्याहत्तर सालचा मार्गशीर्ष होता, कापसाचा दुसरा वेचा सुरू होता, आणि पन्नाशीला टेकलेल्या आनंदाबाईनं आयुष्यात एकही शर्यत डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

हे ऐकून कुणाला खरं वाटलं नसतं, कारण तिचा बाप रामाजी हा गिरडकडचा नावाजलेला धुरकरी. धुरकरी म्हणजे पटाची जोडी हाकणारा. हलक्या छकड्यावर उकिडवा बसून, दोन्ही बैलांच्या शेपट्या हातात धरून तो असा सुटायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. रामाजीजवळ घड्याळ नव्हतं. त्याचं घड्याळ म्हणजे त्याची पोरगी. त्यानं तिला लहानपणीच मोजणी शिकवली होती. अंगठा करंगळीच्या बुडाच्या पेरावर ठेवायचा आणि एका ठेक्यात पेर-पेर पुढं सरकायचं. चार बोटांची बारा पेरं झाली की एक फेरा. पहाटेच्या सरावाला जोडी सुटली की आनंदाचा अंगठा चालू लागायचा आणि शेवटच्या बाभळीशी थांबायचा. "बारात आली," असं ती म्हणाली की रामाजी हसायचा. "चौदा," म्हणाली की बैलांना काही न बोलता स्वतःलाच शिव्या द्यायचा.

सरावाला रोज पोरगी लागायची. पटाच्या दिवशी मात्र ती घरी.

"बाईची सावली पडली का बैल बिचकते," बाप सांगायचा.

"मंग रोज पडते तवा काऊन नाई बिचकत?"

रामाजी यावरही हसायचा आणि छकडा घेऊन निघून जायचा. ज्या वर्षी त्यानं गिरडचा पट जिंकला, त्या वर्षी तिनं घरात बसून लांबून येणारे ढोल ऐकले. पाहिलं काहीच नाही. पुढे लग्न होऊन ती वडनेरला आली, किसनरावांच्या घरी. किसनराव पटाची झेंडी धरायचे. वीस वर्षं ती लाल झेंडी धुण्याचं आणि घडी घालून उशीखाली दाबून ठेवण्याचं काम आनंदाबाईचं होतं. पाहायचं काम गावातल्या पुरुषांचं.

रात्री जेवताना किसनरावांनी विचारलं, "दवंडी ऐकली?"

"ऐकली."

"मंग?"

"मंग काई नाई. भाकर वाढू का अजून?"

"तू जाशीन म्हनून विचारून राह्यलो."

"जानार हावो."

किसनरावांचा घास हातातच राहिला. "अवं, पट हाये थो!"

"पटात बैल असते. मोटारीले कोनाच्या सावलीचं काय भेव?"

"नत्थूजीनं ठरवलं हाये."

"सडक नत्थूजीच्या बापानं बांधली का?"

"बाईमानूस दिवसभर सडकेवर बसन तर लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, किसनरावाची बायको सडकेवर बसली. खोटं थोडीच म्हनतीन."

किसनराव वाईट माणूस नव्हते. त्यांना भांडण नको असायचं, घरातही आणि पंचांशीही. पण त्या दोन्हीकडचं एकदम टाळायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. ते पाणी पिऊन उठले आणि झोपले. आनंदाबाईनं झेंडी काढली, पाहिली. स्वच्छ होती. तिनं ती तशीच घडी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीच्या वाचनालयात गेली. तिथे प्रेमदास गुरुजी बसायचे. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, चार माणसं जमली की आवाज बसणारे. गावात नागपूरचं वर्तमानपत्र दुपारी यायचं आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे गुरुजी एकटेच. आनंदाबाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या मोटारीचं काय लिवलं हाये ते वाचून दाखवा. सगळं. काईबी सोडू नोका."

गुरुजींनी चष्मा पुसला आणि आठ दिवसांचे अंक काढले. कुणीतरी विचारतंय याचाच त्यांना आनंद झाला होता. त्यांनी वाचलं की अठ्ठावन्न गाड्या निघाल्या होत्या आणि दिल्लीपर्यंत एक्केचाळीस उरल्या. काही वाळवंटात अडकल्या, काही डोंगरात मोडल्या. महिनाभर चालणारी शर्यत. एका गाडीत दोन माणसं, एक हाकतो तेव्हा दुसरा झोपतो.

"झोपते?" आनंदाबाईनं विचारलं. "शर्यतीत?"

"झोपावं लागतं बाई. नाहीतर महिना कसा निघणार?"

बापाची शर्यत बारा पेरांत संपायची. ही महिना-महिना संपत नव्हती. कुठल्या बैलानं असा दम धरला असता?

"आन् पयली जे येईन ते जितली ना?"

"नाही, नाही," गुरुजी उत्साहानं म्हणाले. "तेच तर आहे. नागपूरहून एकेक गाडी सोडतात. दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं. प्रत्येकीचा वेळ वेगळा मोजतात. पुढं कोण दिसतंय याला अर्थ नाही. शेवटी येणारीसुद्धा जिंकू शकते."

"दोन मिनिटं म्हनजे केवढे?"

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. आनंदाबाईनं ते पाहिलंही नाही. "तुमी सुरू म्हना आन् दोन मिनिटं झाले का थांब म्हना," असं सांगून तिनं अंगठा करंगळीवर ठेवला. गुरुजी थांब म्हणाले तेव्हा तिचे दहा फेरे होऊन वर दोन पेरं झाली होती. तिनं ठेका जरा सैल केला. दुसऱ्या खेपेला बरोबर दहा.

"बारा पेरं, दहा फेरे," ती म्हणाली. "तुमी येनार ना पाहाले?"

गुरुजी ओशाळले. "गर्दी असते हो. मी इथूनच ऐकेन."

शुक्रवारी सकाळी भाकरी, चटणी आणि पाण्याची गडवी घेऊन आनंदाबाई निघाली. गोठ्यातून तिनं एक गोणपाट उचललं. एस.टी.च्या थांब्यापासून थोडं पुढे, मैलाच्या दगडाशी तिनं ते अंथरलं आणि बसली. तिथून सडकेचा सरळ तुकडा दिसत होता. हिंगणघाटाकडे एक पुलिया, पुलियाला लागून वळण, वळणावर बाभळी. वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

वेच्याला निघालेली जिजाबाई कमरेला कापसाची ओटी बांधून समोरून आली. दोघी वर्षानुवर्षं एकाच वावरात शेजारशेजारच्या ओळी वेचायच्या.

"काऊन वं आनंदाबाई, एस.टी. चुकली का?"

"हाव. लंडनची."

"नत्थूजीनं पाह्यलं तर पंचायत भरवन."

"भरवू दे. मी अठीच बसून हावो, शोधा लागनार नाई."

जिजाबाई हसत वावराकडे गेली, पण तिनं दोनदा मागं वळून पाहिलं.

आठपर्यंत सडकेच्या दोन्ही बाजूंना गावातले पुरुष दाटले. थांब्याजवळ मांडव होता, मांडवात खुर्ची, खुर्चीत नत्थूजी, आणि त्यांच्या मांडीवर झेंडूचा जाडजूड हार. पहिल्या गाडीला घालायचा. दोन पोलीस होते, ते हॉटेलात चहा घेत होते. किसनराव झेंडी घेऊन सडकेच्या कडेला उभे होते आणि मैलाच्या दगडाकडे पाहायचं टाळत होते.

नत्थूजींनी मात्र पाहिलं. ते हार खुर्चीवर ठेवून आले. "अवो बाई, दवंडी ऐकली नाई का?"

"ऐकली ना. गुरं बांधून आली."

मागं दोघं-तिघं हसले. नत्थूजींनी मान वळवली, तसे गप्प झाले.

"बायकाहीचं काय सांगतलं होतं?"

"थे जमादारानं नाई सांगतलं. तुमी घातलं मधात."

"किसनराव! तुमची बायको हाये का नाई हे?"

किसनराव झेंडीच्या काठीकडे पाहत म्हणाले, "हाये तर."

"मंग उठवा."

किसनराव दोन पावलं पुढं आले. आनंदाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. ते दोन पावलं मागं गेले आणि म्हणाले, "नत्थूजी, थे माह्यानं उठत नाई."

पुढं काय झालं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात बाभळींच्या मागून आवाज आला. आधी एक घरघर, मग ती फाटत गेली, आणि वळणातून एक पांढरी गाडी तिरकी होऊन बाहेर पडली. कपाळावर दिव्यांची रांग, टपावर दोन चाकं बांधलेली, दारावर मोठा आकडा. किसनरावांनी सवयीनं झेंडी वर केली, लोक मागं सरले, आणि गाडी समोरून अशी गेली की नत्थूजींच्या डोक्यावरची टोपी उडून नालीत पडली. हाराची आठवण कुणाला झालीच नाही.

आनंदाबाईचा अंगठा करंगळीवर गेला होता.

पटाची एक रीत आहे. जोडी निशाणापुढं गेली की झेंडी खाली होते, आणि मग दोन्ही बाजूंचे लोक आरोळ्या ठोकत तिच्यामागं धावतात. बैल आवरायला, धुरकऱ्याला खांद्यावर घ्यायला, नुसतं नाचायलाही. त्यात धोका नसतो. मैदान रिकामं झाल्याशिवाय पंच दुसरी जोडी सोडतच नाहीत. वडनेरच्या माणसांनी आजवर केलं तेच केलं. झेंडी खाली झाली आणि शंभर-दीडशे माणसं सडकेवर धावली. काही गाडीमागं पळाली, काही नाचू लागली. किसनरावांनी झेंडी मैलाच्या दगडाला टेकवली आणि तेही गेले. ढोलवाला सडकेच्या मधोमध उभा राहून ढोल बडवू लागला.

चार फेरे झाले. पाच.

"बाजूले व्हा!" आनंदाबाई ओरडली. "दुसरी येऊन राह्यली!"

ढोलापुढं तिचा आवाज कोण ऐकतो? ती उठून नत्थूजींकडे गेली. ते नालीतून टोपी काढत होते. "नत्थूजी, लोकाहीले हटवा. दोन मिनिटानं दुसरी गाडी हाये."

"पयली अजून दिसून राह्यली, बाई," नत्थूजी टोपी झटकत, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले. "दुसरी कशी सुटन? अठून झेंडी दाखवल्याबिगर कोन सोडन तिले?"

सात फेरे. वळणाकडे पाहावं तर बाभळी तेवढ्या हलत होत्या.

आनंदाबाई परत फिरली, मैलाच्या दगडापाशी आली आणि तिनं झेंडी उचलली. वीस वर्षं धुतलेली झेंडी. काठी हातात धरायची मात्र ही पहिलीच वेळ. ती सडकेच्या मधोमध गेली आणि तिनं झेंडी दोन्ही हातांनी, होईल तेवढी उंच धरली.

आणि सडक रिकामी झाली.

झेंडी वर गेली की मागं व्हायचं, हे या माणसांच्या पायांना ठाऊक होतं. डोक्याला विचारायची गरज नव्हती. नाचणारे नाचता नाचता कडेला झाले. ढोलवाला ढोल न थांबवता मागं सरकला. नत्थूजीसुद्धा दोन पावलं मागं गेले. झेंडी कुणी धरली आहे हे त्यांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं.

ती स्वतः कडेला आली तेव्हा नऊ फेरे होऊन आठ पेरं झाली होती. चार पेरं आणखी गेली आणि वळणातून हिरवी गाडी आली. भोंगा वाजवत, दिवे लावलेले. ढोलवाला जिथं उभा होता तिथून सरळ निघून गेली.

ढोल थांबला होता. मग नत्थूजींना दिसलं.

"झेंडी," ते म्हणाले. "झेंडी बाईच्या हातात?"

"हाव."

"किसनराव, घ्या ते झेंडी!"

किसनराव आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हात पुढं करून ते म्हणाले, "दे वं."

"मोजता येते का?" आनंदाबाईनं विचारलं. तिचा अंगठा चालूच होता. "दुसरा फेरा चालू हाये. अजून एकोणचाळीस यायच्या हायेत. मोजता येत असन तर घ्या."

किसनरावांचा हात खाली आला. नत्थूजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, हात लांब धरला, जवळ आणला. चष्मा घरी होता. लोकांत चुळबुळ झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या ना बाप्पा तिच्याजवळ. जीव वाचते."

नत्थूजी पंच होते, वारं कुठून येतं ते त्यांना कळायचं. त्यांनी टोपी नीट केली आणि मोठ्यानं सांगितलं, "बरं. धरू द्या बाईले. दिवसभर धरू द्या. गावानं मान देल्ला म्हना!" आणि ते मांडवात जाऊन बसले.

मग आनंदाबाई झेंडी वर करायची, लोक मागं व्हायचे, गाडी जायची. झेंडी खाली यायची, लोक सडकेवर यायचे, अंगठा फिरायचा. तिसरी, चौथी, सहावी. माणसं आता तिच्याकडेच पाहून विचारू लागली, "बाई, किती राह्यले?" ती म्हणायची, "तीन फेरे." कुणीतरी तिला पाणी आणून दिलं. कुणीतरी म्हणालं, रामाजी धुरकऱ्याची पोरगी हाये ते. तिला बरं वाटलं. नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

नववी गाडी गेली आणि एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "पाह्यलं का गा? त्या गाडीले मांगचा काचच नोहता!"

आनंदाबाई चमकली. तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं आठवून पाहिलं. आठवीचा रंग कोणता? सातवीवर आकडा काय होता? काहीच आठवेना. आठवत होते ते चेहरे. झेंडी धरायची म्हणजे लोकांकडे तोंड करून उभं राहायचं, कोण पुढं सरकतंय ते बघायचं. गाडी तिच्या पाठीमागून जात होती. लोकांचे डोळे मोठे व्हायचे त्यावरून तिला गाडी आल्याचं कळायचं, आणि पदर उडायचा त्यावरून गेल्याचं. पन्नास वर्षांनी ती शर्यतीच्या जागी आली होती, आणि बापाच्या वावरात करायची तेच करत होती. मोजत होती, दुसऱ्यांसाठी.

ती तडक मांडवात गेली आणि नत्थूजींपुढं झेंडी धरली.

"घ्या."

"काऊन? थकल्या का?"

"थकली नाई. मी कामाले नाई आली, पाहाले आली."

"अवो, पन आमी सोता मान देल्ला ना तुमाले!"

"तुमचा मान तुमाले ठेवा. मले सडक दिसू द्या."

"आन् मोजन कोन?"

"बारा पेरं सगळ्याहीले हायेत," आनंदाबाई म्हणाली. "चार फेरे झाले. पाचवा धरा."

तिनं झेंडी त्यांच्या मांडीवरच्या हारावर ठेवली आणि गोणपाटावर येऊन बसली. नत्थूजींनी इकडे-तिकडे पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे पाहत होतं. ते उठले, सडकेच्या कडेला गेले आणि ओठ हलवत बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवू लागले.

दहावी गाडी आनंदाबाईनं पाहिली.

ती वळणातून निघाली तेव्हापासून पाहिली, आणि दक्षिणेच्या चढावर ठिपका होऊन मिटली तोपर्यंत पाहिली. निळी होती. तिच्या अंगावर तीन रंगांची माती होती, खाली काळी, वर पिवळी आणि टपाजवळ पांढुरकी. काळी आपली, आनंदाबाईच्या मनात आलं, बाकीच्या कोणत्या मुलखांतल्या असतील? अकरावीचं दार दोरीनं बांधलेलं होतं. बाराव्या गाडीत हाकणारी एक बाई होती, डोक्याला रुमाल, तोंडात काहीतरी चघळत होती. ती कुणाकडेही न बघता गेली. आनंदाबाईनं मांडवाकडे पाहिलं. नत्थूजींनी बाईला पाहिलं होतं. ते मोजणी चुकले आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

पण तिच्या मनात बसली ती चौदावी. त्या गाडीत हाकणारा सडकेवर डोळे रोवून बसला होता आणि शेजारचा झोपला होता. मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून. एवढी गर्दी, एवढा ढोल, एवढा वेग, आणि हा गडी घरच्या ओसरीवर असावा तसा झोपलेला. आनंदाबाईला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. बारा पेरांच्या शर्यतीत हे कुठून दिसणार? दुसऱ्याच्या हाती जीव देऊन झोपायचं, मग त्यानं झोपायचं आणि आपण हाकायचं. असा महिनाभर. बाप असता तर त्याला सांगितलं असतं.

नऊच्या सुमारास जिजाबाई वावरातून परत आली. ओटी अर्धीच भरलेली. "तठून नुसता आवाज येते," ती म्हणाली, "वेच्यात ध्यानच लागत नाई. सरक."

आनंदाबाई सरकली. मग आणखी दोघी आल्या. मग गोणपाट पुरेना.

नत्थूजी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "हे काय चाललं?" पण त्यांचा आठवा फेरा चालू होता आणि तो सोडून येणं शक्य नव्हतं.

दुपारी गाड्या विरळ झाल्या. दोन मिनिटांचा हिशेब कधीच मोडला होता. कधी अर्धा तास काही नाही, कधी दोन लागोपाठ. कंटाळून पुरुष उठू लागले. पहिली पांढरी गाडी जिंकली, असं नत्थूजींनी जाहीर केलं आणि शर्यत संपल्याचं सांगितलं. हार कुणाला घालावा हा प्रश्न उरला नाही, कारण तो खुर्चीवर ठेवला असताना कुणाच्या तरी बकरीनं खाल्ला होता.

"अजून सात यायच्या हायेत," आनंदाबाई म्हणाली. "आन् पयली म्हनजे जितली असं नाई."

"पयली म्हनजे जितली नाई?" नत्थूजी हसले. "मंग काय शेवटची जितली?"

"जितू शकते."

नत्थूजींनी हात झटकले. मांडव उतरला, ढोल गेला. दिवस कलला तशा बायकाही एकेक करून उठल्या. चुली होत्या, म्हशी होत्या. जिजाबाई सगळ्यात शेवटी उठली. "किती राह्यल्या वं?"

"एक."

"मले सांगजो उद्या."

सूर्य वावरांमागं गेला तेव्हा किसनराव आले. मैलाच्या दगडाशी उभे राहिले. "चाल. दिवा लावाची येळ झाली."

"एक राह्यली."

"मोडली असन कुठी."

"असन."

"मंग?"

"मंग काई नाई. मोडली तर सकाळी गुरुजीच्या पेपरात येईन. आज रात्री तरी ते यायचीच हाये."

किसनराव उभेच राहिले. मग खाली पाहून म्हणाले, "ढोलवाल्याचा पोरगा मघा घरी आलता. त्याच्या मायनं भाजी पाठवली." थोडं थांबून ते गोणपाटाच्या कडेला टेकले. "माह्या हाती झेंडी होती. मले सुचलं नाई."

तिनं उरलेली अर्धी भाकरी त्यांच्यापुढं केली.

अंधारू लागलं होतं तेव्हा बाभळींमागून खडखड ऐकू आली. शर्यतीचा आवाज नव्हता तो, भंगार वाहणाऱ्या गाडीचा होता. वळणावर एकच दिवा दिसला. गाडी आली ती बैलगाडीहून जरा जलद. समोरची काच नव्हती, पुढचा पत्रा तारेनं आवळलेला, आत दोन माणसं धुळीनं एकसारखी झालेली, तोंडाला फडकी बांधलेली. दोघंही जागे होते. पलीकडचा हातात बॅटरी धरून सडकेवर उजेड पाडत होता.

आनंदाबाई उभी राहिली. ना मोजणी, ना झेंडी. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि मध्ये कुणाची पाठ नव्हती. बॅटरीचा झोत क्षणभर तिच्या पायांवरून गेला. गाडी खडखडत गेली, थांब्यापुढं गेली, चढाला लागली. एकदा वाटलं चढ चढत नाही. मग चढली.

"एक्केचाळीस," आनंदाबाई म्हणाली.

"झालं समाधान?" किसनरावांनी विचारलं.

तिनं गोणपाट झटकलं आणि काखेत घेतलं. दोघं घरी आले. दिवा लावण्याआधी तिनं ते गोठ्यात न टाकता दारामागच्या खुंटीला अडकवलं, जिथं किसनरावांची पटाला जायची टोपी असायची, त्याच खुंटीला.

"हे अठी काऊन?"

"पौषात पट हाये ना," आनंदाबाई काडी ओढत म्हणाली. "बसाले लागन."